आठवीत आलेली मुलं नववीत का दिसत नाहीत? लहान प्रयोगशील शाळेच्या पटाविषयी

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावाबाहेर मराठी माध्यमाची, विनाअनुदानित, प्रयोगशील म्हणून ओळखली जाणारी एक लहान शाळा. आठवी ते दहावीचे वर्ग अलीकडे जोडले. तिन्ही मिळून पट पन्नाशीच्या आत. निम्मी मुलं डॉक्टर, प्राध्यापक, सामाजिक संस्थांत काम करणाऱ्यांची. उरलेल्यांत बरीचशी आधीच्या शाळेने ‘याला आमच्याकडे जमणार नाही’ म्हणून वाटेला लावलेली. शेतमजुरांची, ऊसतोड कुटुंबांतली, भटक्या-विमुक्त समाजांतली मुलं आठवीत येतात आणि नववीत दिसत नाहीत. शाळा चालवणाऱ्या ताईंना पट वाढवायचाय आणि गावातल्या सगळ्या थरांतली मुलं एका वर्गात हवीत. जाहिरात करावी, फी माफ करावी, की काही जागा बाजूला काढून ठेवाव्यात, असं त्यांनी विचारलंय.

ताई, यातलं काहीही करण्याआधी शाळेचं जनरल रजिस्टर (प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची आणि दाखल्याची नोंदवही) काढा. आठवी-नववी सुरू झाल्यापासून दाखला घेऊन गेलेल्या, किंवा दाखला न घेताच येणं बंद झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव एका कागदावर लिहा. नावापुढे कारण लिहू नका, महिना लिहा. पालक कारण सांगतात ते बहुतेक वेळा तुमचं मन राखण्यासाठी असतं: ‘मामाकडे ठेवलाय’, ‘लांब पडतं’, ‘तिची तब्येत बरी नसते’. महिन्यावरून खरं काय ते लवकर कळतं. आठवीचा निकाल घेऊन गेलेली आणि जूनमध्ये आलीच नाहीत अशी मुलं असतील तर फी आणि वह्या-पुस्तकांचा खर्च तपासा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली मुलं कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोडीला गेली. रायगड-पालघरकडे असाल तर वीटभट्टीवर. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुली कमी झाल्या असतील तर लग्नं झालीत का बघा. वर्गातल्या मैत्रिणींना ते मार्चमध्येच ठाऊक असतं, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. आणि नववीच्या सहामाहीनंतर जाणारे बहुधा सुखवस्तू घरातले असतात. त्यांना दहावीच्या टक्क्यांची धास्ती बसलेली असते.

माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक म्हणून आणि नंतर लहान शाळांना मदत करताना मी जे पाहिलं त्यावरून माझं मत असं झालंय की वर्गात कोण बसणार हे प्रवेशाच्या दिवशी ठरत नाही. शाळा सोमवार ते शनिवार घराकडून काय-काय मागते, त्यावर ते ठरतं. पैसे, वेळ, एसटी, इंटरनेट, आईची सही, बाबांची रजा, घरात अभ्यासाला कोपरा. ही मागणी ज्यांना परवडते ती मुलं टिकतात. मग तुमचं प्रवेशाचं धोरण कितीही उदार असो.

नववीच्या तोंडाशी नेमकं काय होतं ते आधी पाहू, कारण शहरी पालकांना ते दिसत नाही आणि आपल्यालाही पुष्कळदा दिसत नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला आणि पहिली ते आठवीला लागू आहे. खासगी शाळांतल्या, दुर्बल-वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा सोडतीने प्रवेशाच्या सुरुवातीच्या वर्गात भरतात, आठवीत नाही. म्हणजे त्या सोडतीतून तुमच्या वरच्या वर्गांना नवं मूल मिळत नाही, आणि तुमच्याच पहिलीत त्या वाटेने आलेलं मूल आठवी पास होताच कायद्याच्या बाहेर पडतं. नववीच्या जूनमध्ये त्याच्या हातात पूर्ण फीचं पत्रक पडतं. आठ वर्षं आपल्याकडे वाढलेल्या मुलाच्या बाबतीत हे घडतं आणि संस्थेच्या बैठकीत त्याची नोंद ‘पालकांनी दाखला मागितला’ अशी होते.

आता बाहेरून येणाऱ्या मुलाचा हिशेब. जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेतून निघालेलं मूल अनुदानित हायस्कूलला गेलं तर आठवीपर्यंत पोषण आहार, आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत. तुमच्या विनाअनुदानित शाळेत यातलं काही नाही. शिवाय आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. हुशार, गरीब घरातली मुलगी तुमच्याकडे आली तर तिने चार वर्षांचे ४८,००० रुपये मिळवण्याची संधी सोडली, असा त्याचा अर्थ होतो. तुम्ही तिला फी माफ केलीत तरी हे भरून निघत नाही. मी तर म्हणेन, हा हिशेब प्रवेशाच्या वेळी पालकांसमोर कागदावर मांडा. काही जण परत जातील. जे थांबतील त्यांना नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. आणि ज्या मुलीची ही शिष्यवृत्ती आधीच लागली आहे तिला आपल्या शाळेत ओढू नका. तिला शनिवारच्या प्रयोगशाळेला बोलवा, सुट्टीतल्या शिबिराला बोलवा, पण दाखला तिथेच राहू द्या.

फीबद्दल. पन्नास मुलांच्या शाळेतही दहावीला मराठी, हिंदी, इंग्रजी, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, सामाजिक शास्त्रं शिकवायला पाच-सहा शिक्षक लागतातच. वर्गात चौदा मुलं असोत की बावीस, पगाराचा आकडा तोच राहतो. त्यामुळे रिकाम्या राहणाऱ्या बाकावर सवलतीत मूल बसवलं तर संस्थेचं जवळजवळ काही जात नाही. अनेक विश्वस्तांना हे पटवणं अवघड जातं, कारण ते सवलतीला ‘बुडालेली फी’ समजतात. जी फी कधी येणारच नव्हती ती बुडाली कशी? हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. पूर्ण फी एकच असू द्या. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे न्यायची असतेच. तिच्या खाली सवलतीचे टप्पे ठरवा. कोणाला किती सवलत हे मुख्याध्यापक आणि हिशेबनीस यांच्यापलीकडे जाऊ नये. वर्गशिक्षकालाही कळायची गरज नाही. सवलतीसाठी ‘माझी परिस्थिती हलाखीची आहे’ असा अर्ज लिहून घेण्याची पद्धत बंद करा. आणि वार्षिक अहवालात ‘गरजू विद्यार्थी’ म्हणून फोटो तर अजिबात नकोत. देणगीदार मागतात, हे मला माहीत आहे. त्यांना वर्गाचा फोटो द्या.

एक प्रथा बऱ्याच चांगल्या शाळांत दिसते: ज्यांना फी जमत नाही त्यांनी श्रमदान करावं. ऐकायला छान वाटतं. पण त्यातून मजुराची बायको शाळेचं अंगण झाडते आणि डॉक्टरीणबाई चेक देऊन जातात, आणि दोघींची मुलं एकाच वर्गाच्या खिडकीतून ते बघतात. श्रमदान ठेवायचं तर सगळ्यांना ठेवा, महिन्यातून एकदा, आणि फीशी त्याचा संबंध लावू नका.

पैशाइतकाच, कधी पैशाहून मोठा अडसर वेळापत्रकाचा असतो. आपल्या शाळांना पाचनंतर थांबण्याची फार हौस. नाटकाच्या तालमी, प्रकल्प, आकाशदर्शन, मुलांनी मुलांची घेतलेली सभा. सगळं मोलाचं, पण शेवटची एसटी साडेपाचला असेल तर वाडीवरची मुलं त्यातल्या प्रत्येक गोष्टीतून आपोआप वगळली जातात. मग सहा महिन्यांनी शिक्षक म्हणतात, ‘ही मुलं फारशी मिसळत नाहीत.’ आगारात जाऊन वेळा लिहून आणा आणि वेळापत्रक त्याभोवती बसवा. जे शाळेत घडायला हवं ते शाळेच्या वेळेतच घडवा, भले त्यासाठी आठवड्यातले दोन-तीन तास विषयांतून काढावे लागले तरी चालेल. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींसाठी निळी बस असते, तिच्या मार्गावर तुमची शाळा येते का बघा. येत नसेल तर आगारप्रमुखांना भेटा. त्या बसचा थांबा शाळेच्या फाट्यावर येणं हे कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त मुली आणतं.

घरच्या अभ्यासाचंही तेच. ‘इंटरनेटवर शोधून या’, ‘आजी-आजोबांची मुलाखत व्हिडिओ करून आणा’, ‘थर्माकोल न वापरता प्रतिकृती करा’ (म्हणजे त्याहून महाग काहीतरी आणा), असे प्रकल्प खरं तर पालकांचे असतात. नववी-दहावीत मी असे प्रकल्प पूर्णपणे शाळेच्या वेळात आणि शाळेच्या साहित्यात करून घेण्याच्या बाजूची आहे. सहलीसुद्धा अशाच ठरवा. मुक्कामी सहलीचे पैसे कोणाला देता येणार नाहीत हे ठाऊक असताना आपण ती जाहीर करतो, आणि त्या आठवड्यात तीन मुलं ‘आजारी’ पडतात.

पालकसभा शनिवारी सकाळी दहाला असेल तर मजुरीवर जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. ती येत नाही, आणि तिचं नाव ‘उदासीन पालक’ या रकान्यात जातं. सभा वस्तीवर घ्या, संध्याकाळी जेवणं उरकल्यावर, देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर. तुमच्या डॉक्टर-प्राध्यापक पालकांनाही वर्षातून एकदा तिथे यायला सांगा. काही जण येतात. जे येतात ते पुढे शाळेचे खरे आधार होतात, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

इथे फलटणचं उदाहरण सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ. फलटणमधल्या मराठीत समाजागणिक काय फरक पडतात यावर त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन तिथेच राहिल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आधी दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याचे अनौपचारिक वर्ग सुरू केले. प्रगत शिक्षण संस्था १९८४ ची आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ ची. म्हणजे शाळेचं दार उघडलं तेव्हा वस्तीची आणि त्यांची ओळख कित्येक वर्षांची झालेली होती. त्यामुळे वस्तीतली आणि सुखवस्तू घरांतली मुलं एका वर्गात बसवणं हा त्या शाळेचा मूळ विचार राहू शकला. आपण बहुतेक जण उलट करतो. आधी इमारत, मग आपल्या ओळखीतली मुलं, मग पाचव्या-सहाव्या वर्षी ‘आता आपण वैविध्य आणूया’. तोवर शाळेची रीत ठरून गेलेली असते: बोलण्याची, डब्यात काय असावं याची, वाढदिवस कसा करावा याची.

लहान शाळेत आकड्यांचा एक वेगळाच धोका असतो. मोठ्या हायस्कूलमध्ये एका समाजाची पाच टक्के मुलं म्हणजे वर्गात तीन-चार. तुमच्या सोळा मुलांच्या वर्गात पाच टक्के म्हणजे एक मूलसुद्धा नाही. आणि एकच असेल तर ते मूल सगळ्या समाजाचं ‘प्रतिनिधी’ होऊन बसतं. जातिव्यवस्थेचा पाठ आला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. तेरा-चौदाव्या वर्षी हे सोसत नाही. म्हणून माझा आग्रह असा की एकेकटं मूल घेऊ नका. एका वाडीवरून, एका वस्तीवरून दोन-तीन-चार मुलं एकाच वेळी घ्या. चुलत भावंडं, शेजारची, एका बसने येणारी. एक आलं नाही तर दुसरं त्याला हाक मारतं. शाळेत भांडण झालं तर घरी सांगायला साक्षीदार असतो. आणि कोटा समाजनिहाय ठरवण्यापेक्षा गावनिहाय विचार केलात तर हे आपोआप साधतं.

अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा काढली. तिथला मार्ग तुमच्या उलट आहे: राहायची सोय, आणि बहुतेक मुलं एकाच समाजाची. मिश्र शाळेवर श्रद्धा असलेले काही जण अशा शाळांना नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या मुलाला गावात शिरतानाच चोर समजलं जातं, त्याला आधी डोक्यावर छप्पर आणि आपल्यासारखी चार मुलं लागतात. तुमच्या शाळेत पारधी पालावरची मुलं यावीत असं वाटत असेल तर त्यांना वेगळ्या शाळेतून सोडवायला निघू नका. त्या मुलांना दहावीला, अकरावीला काय हवंय ते विचारा.

शेजारच्या शाळेबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जवळच्या जिल्हा परिषद शाळेला आठवीचा वर्ग जोडलेला असेल, तर तिथली मुलं ओढू नका. तिचा पट खाली आला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) शिक्षकाचं पद जातं आणि उरलेल्या मुलांचं नुकसान होतं. तुमची पाच मुलं वाढावीत म्हणून तिथल्या पंचवीस जणांचा शिक्षक जाणार असेल तर त्या वैविध्याला अर्थ नाही. शाळा सातवीपर्यंतच असेल तर मात्र तिथले गुरुजी तुमचे सगळ्यात चांगले साथी होऊ शकतात. कोणती मुलगी सातवीनंतर घरी बसणार आहे, कोणाचा बाप दारू पितो, कोणाची आजी खमकी आहे, हे त्यांना आणि अंगणवाडीच्या ताईंना माहीत असतं. वर्षभर त्यांच्याकडे जात राहा. फक्त एप्रिलमध्ये पत्रकं घेऊन गेलात तर चहा मिळेल, मुलं मिळणार नाहीत.

आता ‘ढ मुलांची शाळा’ या शिक्क्याबद्दल. प्रत्येक लहान प्रयोगशील शाळेला तो कधी ना कधी लागतो. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवणं परत आलंय, त्यामुळे अशा मुलांचा ओघ वाढेल असं धरून चला. यावर काही शाळा गुपचूप चाचणी घेऊ लागतात. आठवीपर्यंतच्या प्रवेशाला चाळणी लावणं कायद्याने बंद आहे, आणि अपंगत्वाच्या कारणाने मूल नाकारणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या दिवशी तुम्ही चाळणी लावाल त्या दिवशी तुमची शाळा प्रयोगशील राहणार नाही. या मुलांना घ्याच. पण घेतल्यावर मदतीचं काम आठवीतच सुरू करा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयातूनच लागतं, आणि तपासण्यांच्या तारखा मिळता मिळता महिने जातात. दहावीच्या ऑक्टोबरमध्ये धावपळ केली तर तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, विषयांतल्या सवलती हे सगळं हातचं जातं. आणि लक्षात ठेवा, वस्तीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर त्याला कोणी तपासणीला नेत नाही. ‘घरी वातावरण नाही’ म्हणून मोकळे होतात. डॉक्टरांच्या मुलाला डिस्लेक्सिया असतो, मजुराचा मुलगा आळशी असतो. तुमच्या शाळेत तरी दोघांची तपासणी व्हावी.

शिक्का पुसायचा उपाय म्हणजे दुसरीकडून येणारा ओघ वाढवणं. सातवीत चांगलं चाललेली, पण पुढे हायस्कूल लांब पडतं म्हणून थांबणारी मुलं, विशेषतः मुली, प्रत्येक तालुक्यात असतात. ती आली की वर्गाचा तोल बदलतो. गावाचं बोलणंही बदलतं, पण त्याला दहावीच्या दोन-तीन तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. तोवर कान बंद ठेवा.

कागदपत्रांचा विषय रटाळ आहे, पण भटक्या-विमुक्त आणि आदिवासी मुलांच्या बाबतीत तिथेच सगळं अडतं. आठवीपर्यंत जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचाय म्हणून प्रवेश रोखता येत नाही, हे तुमच्या लिपिकाला लेखी देऊन ठेवा. मूल आधी वर्गात बसवा, कागद मागून. मात्र जनरल रजिस्टरमधल्या जातीच्या रकान्याबद्दल आपल्यासारख्या शाळा एक घातक चूक करतात. ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणून तो रकाना मोकळा सोडतात, किंवा नुसता धर्म लिहितात. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. पालावर वाढलेल्या घरात तो कागद कुठून येणार? तिथे शाळेतली नोंद हा मोजक्या आधारांपैकी एक असतो. ती मोकळी राहिली तर बारावीनंतर, नर्सिंगला किंवा अभियांत्रिकीला जाताना, त्या मुलाची वाट बंद होते, आणि शाळा सोडल्यावर नोंद बदलून घेणं फार कटकटीचं असतं. जात न मानणं वर्गात दिसू द्या. रजिस्टरमध्ये पोटजातीसकट, स्पेलिंगसकट, वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या दाखल्याशी जुळवून नोंद करा.

हंगामी स्थलांतराच्या मुलांसाठी फी माफीचा उपयोग नसतो. ती दिवाळीच्या सुमारास जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच: पाच महिने मूल राहणार कुठे? आजी गावात असेल तर आजीशी बोला, आईबापांशी नंतर. आजी नसेल तर समाजकल्याणच्या किंवा आदिवासी विकासच्या वसतिगृहात जागा बघा. तेही नसेल तर गावातल्याच एखाद्या पालकाकडे, पण दोन मुलं एकत्र, आणि महिन्याच्या धान्या-पैशाचं आधी ठरवून. हे बोलणं गणपतीच्या आत व्हायला हवं. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतली की घरात कोण कोण जाणार हे ठरलेलं असतं, आणि चौदा वर्षांचा मुलगा तिथे अर्धा कोयता, म्हणजे तोडणीच्या जोडीतला एक मजूर म्हणून मोजला जातो.

त्यातूनही जे जाईलच, त्याचं नाव पुसू नका. सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून मंडळाची दहावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी मराठीतून देता येते, वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. कोयत्यावरून परत आलेल्या मुलासाठी ही लवचीकता सोन्यासारखी आहे. पण इथे एक सावधगिरी सांगते. सुखवस्तू घरातलं मूल मुक्त विद्यालयातून दहावी देतं तेव्हा लोक म्हणतात, त्यांचे विचार वेगळे आहेत. वस्तीतलं मूल तेच करतं तेव्हा म्हणतात, बाहेरून दिली. तुमच्या शाळेत दोन वाटा झाल्या आणि कोण कोणत्या वाटेने जातं हे घरावरून ओळखू येऊ लागलं, तर एका इमारतीत दोन शाळा झाल्या असं समजा. म्हणून नियमित मंडळाची परीक्षा ही सगळ्यांसाठी पहिली वाट ठेवा, आणि दुसरी वाट ज्याला खरंच लागेल त्याला, मग तो कोणाचाही मुलगा असो.

मुलींच्या लग्नाबद्दल थोडक्यात. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे, गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा क्रमांक सगळ्या मुलींना पाठ असावा. पण शाळेने पोलिसांचं काम करण्याआधी नववीतच आईला दाखवावं की दहावीनंतर पुढे काय आहे. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. अर्ज कोण भरून देणार, कनिष्ठ महाविद्यालय कुठलं, बस कुठली, हे नावानिशी सांगता आलं तर लग्नाची बोलणी दोन वर्षं लांबतात. ‘पुढे शिकवा’ असं मोघम सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

राहता राहिले सुखवस्तू पालक. नववीत ते दोन कारणांनी जातात. टक्के हे त्यांनी सांगितलेलं कारण. ‘मुलाची भाषा बिघडायला लागली’ हे न सांगितलेलं. पहिल्यावर उत्तर म्हणजे दहावीची तयारी उघडपणे आणि नीट करा. प्रयोगशील शाळांना मंडळाच्या परीक्षेची थोडी लाज वाटते, ती सोडा. वस्तीतल्या पालकालाही तुमच्याकडून तेच हवं असतं, आणि त्याला शिकवणीची फी परवडत नाही. दुसऱ्यावर माझं उत्तर जरा कडक आहे. प्रवेशाच्या वेळीच सांगून टाका की या वर्गात ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘मपलं’ असं बोललं जाईल आणि शिक्षक ते लाल शाईने खोडणार नाहीत. प्रमाण मराठी लिहायला सगळ्यांना शिकवू, बोलण्यावरून कोणाला हसू देणार नाही. गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) किंवा पारधी बोलणाऱ्या मुलाने वर्गात आपल्या भाषेत गोष्ट सांगितली तर ती सगळे ऐकतील. ज्यांना हे नको असेल ते आठवीतच निघून जातील. त्यांची फी गेल्याचं पहिल्या वर्षी जाणवेल, म्हणून त्या वर्षाची तजवीज विश्वस्तांकडून आधी करून घ्या.

शिक्षकांत वस्तीवरचं कोणी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पुढची नेमणूक तिथूनच करा, आणि शिपाई म्हणून नको. डी.एड., बी.एड. झालेली, जवळच्या गावात घरी बसलेली मुलगी सापडते. पगार सगळ्यांइतकाच.

कामाचा क्रम असा धरा. श्रावण ते गणपती या काळात वाड्या-वस्त्यांवर जाऊन स्थलांतराचं बोलणं. दिवाळीनंतर सातवीच्या गुरुजींकडे जाणं-येणं आणि त्यांच्या मुलांना महिन्यातून एक शनिवार आपल्या शाळेत आणणं. मार्चमध्ये एसटीच्या वेळा आणि पुढच्या वर्षाचं वेळापत्रक. एप्रिलमध्ये फीचे टप्पे. मेमध्ये उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे दाखले, सेतू केंद्रात प्रवेशाची गर्दी व्हायच्या आत. पालकांबरोबर शाळेचा माणूस पाठवा, नाहीतर तीन खेपा होतात आणि तीन रोज बुडतात. पहिल्या वर्षी सगळ्या वस्त्यांना हात घालू नका. एकच वाडी निवडा, तिथून चार मुलं घ्या, त्यांत निदान दोन मुली. ती चारही नववीत गेली की दुसऱ्या वाडीवर जा. पहिल्या वाडीतली धाकटी भावंडं तोवर स्वतःच विचारायला लागलेली असतील.